बॅटरी फुगली म्हणजे नुसती बॅटरी बदलून भागतं का?

फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरतो, डिस्प्ले एका कडेने उचललाय, फटीतून उजेड दिसतो. बॅटरी फुगली. आतलं इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतलं रासायनिक द्रावण) उष्णतेने विघटित होऊन त्याचा वायू होतो आणि सीलबंद पाकिटात कोंडतो. अशा फोनचं झाकण दाबून बसवायचा मोह आवरा. बॅटरीच्या दोन थरांमधला प्लॅस्टिकचा पडदा केसाहून पातळ असतो, तो फाटला की आतच शॉर्ट. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ च्या पहिल्या लॉटमधल्या बॅटऱ्यांचा नुसता कोपरा दबला होता, तेवढ्यावर सॅमसंगला फोन परत मागवावे लागले.

फोन चटका बसण्याइतका तापला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग पिन काढा. फोन बंद करून फरशीवर ठेवा, गादी-पडद्यांपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. सूं-सूं आवाज किंवा गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास आला तर हात लावू नका, दारं-खिडक्या उघडून बाहेर व्हा; तो धूर विषारी असतो. पेट घेतलाच आणि सुरक्षित अंतरावरून जमत असेल तर भरपूर पाणी मारा. ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता उतरली नाही तर पुन्हा भडका उडतो.

फोटोंची काळजी नको. ते बोर्डावरच्या (फोनच्या आतल्या मुख्य सर्किटवरच्या) चिपमध्ये असतात, बॅटरीत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. ‘बॅकअपपुरता पाच मिनिटं चार्ज करतो’ हे मात्र अजिबात नको.

उघडताना चार्ज २५ टक्क्यांच्या आत असलेला बरा. फुगलेल्या बॅटरीने झाकण अर्धं सोडवलेलंच असतं, तिथून प्लॅस्टिकचं कार्ड घाला. गोंद सैल करायला गरम हवेची हॉट गन लागलीच तर फक्त कडेला, बॅटरीवर कधीच नाही. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मग बॅटरीच्या कडेने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून दोन-तीन मिनिटं थांबा, गोंद सैल होतो. अल्कोहोल ओलं असताना गन लावू नका. बॅटरीखाली स्क्रू-ड्रायव्हर घालणारा कारागीर दिसला तर फोन परत मागा.

खरी गोम पुढे आहे. बॅटरी फुगली, ती बदलली, महिन्याभरात नवीही तापली, असं झालं तर दोष बहुतेक बोर्डात असतो. म्हणून नवी बसवण्याआधी बोर्ड डीसी पॉवर सप्लायवर (बॅटरीऐवजी वीज देणाऱ्या दुरुस्तीच्या यंत्रावर) ४ व्होल्टला लावून बघायला सांगा. पॉवर बटण न दाबता करंट जवळजवळ शून्य हवा. १००-२०० मिलीअँपिअर ओढत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, म्हणजे फोन बंद असतानाही वीज गळतेय; ते सापडेपर्यंत नवी बॅटरी म्हणजे पैसे पाण्यात. कनेक्टर काळा पडलाय का, चार्जिंगच्या जागी हिरवट-पांढरं साचलंय का, तेही बघा.

नव्या बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक जुन्याशी तंतोतंत जुळवा, आणि चार्जिंगच्या कमाल व्होल्टेजचा आकडाही (४.४ वगैरे). बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक शोधा. मूळ बॅटरीच्या मापात दीडपट एमएएच (क्षमता) छापलेली बॅटरी नकोच. उत्पादनाची तारीख जुनी असेल तर तीही परत करा, पडून राहिलेल्या बॅटरीचा व्होल्टेज घसरलेला असतो. एकदा उघडलेल्या फोनचं वॉटरप्रूफपण नव्या गॅस्केटशिवाय (कडेच्या सीलशिवाय) गेलंच.

आता आपल्या उन्हाचं. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच ४२-४३ होतं, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावणं, किंवा दुचाकीच्या होल्डरवर उन्हात मॅप चालू ठेवून केबल जोडणं, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. पहाटे लावा, कव्हर काढून, उघड्या फरशीवर. सोलापुरी चादरीची ऊब आपल्याला हवी, चार्जिंगवरच्या फोनला नको.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की आग लागते. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, घराबाहेर सावलीत ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांच्या हातात द्या.