मॉसमन गॉर्ज, आणि आईचे प्रश्न

पोर्ट डग्लस, ऑस्ट्रेलिया, गुरुवार रात्र

आई-बाबा दमून झोपलेत, आत्ताच लिहून टाकते नाहीतर राहून जाईल.

आज मॉसमन गॉर्ज झालं, म्हणजे जंगलातली नदीची घळ. इथून वीसेक मिनिटं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता ऊस. बाबा सांगलीकडचे, त्यांना समुद्र दाखवा नाहीतर डोंगर, आधी गाडी थांबवून ऊसच बघणार. १८९७ पासून चाललेली मॉसमनची साखर मिल २०२४ ला दिवाळखोरीत गेली हे कळल्यावर तर "मग ह्या शेतकऱ्यांनी ऊस घालायचा कुठं" हाच विषय गॉर्ज येईपर्यंत.

आम्ही नगाडिकू वॉक घेतला, म्हणजे इथल्या कुकू यलंजी आदिवासींपैकीच कोणीतरी आपल्याला त्यांच्या वाटेने जंगलात नेतं. ही त्यांचीच जमीन, हजारो वर्षांची. आमचा गाईड साठीचा असेल, सगळे त्याला अंकल म्हणत होते कारण वडीलधाऱ्यांना तिथे तसंच म्हणतात, बाबांना ते लगेच जमलं. सुरुवातीला ओल्या पानांचा धूर केला होता, त्याच्याभोवती फिरून मगच आत जायचं, वाईट शक्ती बाहेर राहाव्यात आणि पूर्वजांना कळावं की पाहुणे आलेत म्हणून. बाकीचे मोबाईल धरून उभे, आईने मात्र दोन्ही हात धुरावर फिरवून डोक्यावरनं घेतले. अंकल तिच्याकडे बघून हसला.

वर मंजल डिंबी नावाचा डोंगर दिसतो. त्यावरचा माणसासारखा दिसणारा मोठा खडक म्हणजे कुबिर्री, लोकांना छळणाऱ्या वुरुंबू नावाच्या दुष्ट शक्तीला त्याने तिथेच अडवून धरलंय. गोष्ट सांगताना अंकलचा आवाज एकदम साधा होता, गावातल्या कोणाबद्दल तरी सांगावं तसा.

रेनफॉरेस्ट म्हटलं की माणसाचा हात न लागलेलं जंगल असं माझ्या डोक्यात होतं, मॅप, बोर्ड, जाहिराती सगळीकडे "आदिम, आदिम" लिहिलेलं असतं ना. आणि हा माणूस दर चार पावलांवर थांबून, ह्या पानाचा पाण्यात चोळून फेस येतो, ह्या काटेरी वेलीच्या टोपल्या व्हायच्या, ते पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं पान लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही, त्याच्यावरचे बारीक काटे कातडीत घुसले की दुखणं महिनोन् महिने जात नाही. एकटे फिरलो असतो तर हे सगळं "वा काय हिरवंगार" एवढ्यात संपलं असतं.

पण आईची खरी कळी खुलली ती ब्लॅक बीनच्या झाडापाशी. हाताएवढी शेंग, आत मोठ्या मोठ्या बिया, आणि त्या विषारी. तरी खायचे. भाजून, पातळ काप करून, विणलेल्या पिशवीत घालून वाहत्या पाण्यात कितीतरी दिवस ठेवायच्या, विष निघून गेलं की कुटून पीठ. आई म्हणाली अगं कडू करांदे! कोकणात ठाकर-कातकरी बायका तेच करतात, राख घालून उकडायचे, वाहत्या पाण्यात ठेवायचे. मी भाषांतर करत होते आणि ती प्रश्नावर प्रश्न, किती दिवस, पाणी वाहतंच हवं का, बायकाच करायच्या का, आणि अंकल न कंटाळता उत्तरं देत होता, मागचे लोक घड्याळं बघायला लागले तरी.

नंतर चहा आणि डॅम्पर, म्हणजे तिथली जाडसर पावासारखी भाकरी. तिथेच जमिनीचा विषय निघाला. सप्टेंबर २०२१ मध्ये डेंट्री नॅशनल पार्क धरून १ लाख ६० हजार हेक्टरहून जास्त जमिनीची मालकी ईस्टर्न कुकू यलंजींना परत मिळाली, कारभार सध्या क्वीन्सलँड सरकारबरोबर मिळून. आता हे बघा, जंगल जागतिक वारसा ठरलं १९८८ ला. झाडं मोलाची आहेत हे जगाला तेहतीस वर्षं आधी पटलं, माणसांचा नंबर नंतर लागला. मेळघाटात वाघासाठी उठवलेल्या कोरकूंच्या गावांबद्दल वाचलं होतं ते आठवलं, बाबांना म्हटलं तर ते म्हणाले सगळीकडं तेच.

वॉक संपल्यावर शटलने नदीपर्यंत गेलो. मोठमोठे ग्रॅनाइटचे गोटे, पाणी एवढं स्वच्छ की तळ दिसतो. जागोजागी बोर्ड आहेत की पोहू नका, वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी अचानक चढतं, माणसं मेलीयेत. आणि बोर्डाला टॉवेल वाळत घालून लोक पोहत होते! आपलीही दोन-तीन कुटुंबं होती, मुलांसकट. राग आला. ज्यांची नदी आहे तेच सांगतायत तर ऐकायला काय जातं?

रेक्स क्रीकच्या झुलत्या पुलावर बाबा अर्ध्यातूनच परत आले, हलतो म्हणून. आई पलीकडे जाऊन आली.

उद्या फेरीबोटीने डेंट्री नदी ओलांडून केप ट्रिब्युलेशनला. त्या नदीत मगरी आहेत, बाबांना अजून सांगितलेलं नाही.