मुंबई–लंडन: अंतर ७,२१० किलोमीटर, मग दहा तास कशाला?

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर भरतं. मैलांत ४,४८०, नॉटिकल मैलांत ३,८९०. नेटवर तिन्ही आकडे फिरतात, कधी कधी एकक न लिहिताच, त्यामुळे आधी ते तपासा. लांब पल्ल्याचं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर आठ तास येतात, पण तिकिटावर जाताना साडेनऊ ते साडेदहा तास लिहिलेले असतात.

यातलं ‘सरळ’ म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणल्यावर येणारी रेषा. ती सौराष्ट्र, कराचीचा परिसर, बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियनचा कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड अशी जाते. यादी वाचली की अडचण लगेच कळते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. इराणवरून जायचं की नाही, हे त्या त्या आठवड्याच्या बातम्यांवर ठरतं. म्हणून भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्रावरून आखात, इराक, तुर्कस्तान असं काढतात आणि आखात तापलं तर आणखी दक्षिणेने, सौदी-इजिप्तवरून. गंमत म्हणजे भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली ‘चुकीची’ रेषाही साधारण आखात-इराक-तुर्कस्तानवरूनच जाते.

दुसरं कारण वारा. या पट्ट्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून लंडन–मुंबई नऊ तासांच्या आसपास आटोपतं.

घरच्या घरी अंदाज काढायचा तर सरळ अंतरात ७ टक्के वळसा मिळवा: साधारण ७,७०० किलोमीटर. जाताना ८५० ने भागा, येताना ९५० ने. त्यात पाऊण तास घाला, कारण चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि जमिनीवरही वेळ जातो. उत्तर जाताना ९ तास ५० मिनिटं, येताना ८ तास ५० मिनिटं. वळसा मोठा असेल तर टक्के वाढवा, बाकी हिशेब तोच.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि रांग लागते. हीथ्रोला गर्दी असली की विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम, बिगिन या लंडनभोवतीच्या चार ठिकाणी आकाशातच घिरट्या घालत थांबतात. वेळापत्रकात याची थोडी तजवीज केलेलीच असते, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं.

बहुतेकांचं गणित चुकतं ते घड्याळात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. मुंबईहून पहाटे २:३० ला निघून दहा तास उडालात तर आपली वेळ दुपारी १२:३०, म्हणजे लंडनला जानेवारीत सकाळचे ७ आणि जुलैत ८. तिकिटावर ‘१२ तारीख, ००:४०’ असेल तर ११ तारखेच्या रात्रीच विमानतळ गाठायचा. या एका गोष्टीपायी लोकांची विमानं चुकतात.

दुबईमार्गे गेलं तर अंतर जेमतेम दोनशे-अडीचशे किलोमीटरने वाढतं. वेळ मात्र साधारण तीन तासांनी वाढतो, कारण चढणं-उतरणं दोनदा होतं आणि मध्ये थांबावं लागतं. तिथे दीड तासाहून कमी अवधी असलेलं तिकीट स्वस्त असलं तरी घेऊ नये. घ्यायचंच असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.