एका किलो कापसाची वेचणी

गेल्या वर्षी दिवाळीत जर्मनीहून आलेल्या भाचीने मला एक कापडी पिशवी दिली. पिशवीच्या आतल्या शिवणीत फेअरट्रेडचे निळे-हिरवे चिन्ह असलेले लेबल होते आणि कापूस भारतातला असल्याचे त्यावर छापले होते. कापसाच्या मुलखात आयुष्य काढूनही हे चिन्ह मी नागपुरातल्या एकाही दुकानात पाहिलेले नव्हते. आपल्या नावाजलेल्या ‘कॉटन मार्केट’मध्येही आता कापूस नसतो, भाजी असते; तेव्हा आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते म्हणा.

या चिन्हाची सुरुवात 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोच्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीपासून झाली. खरेदीदाराने ठरलेल्या किमान किमतीखाली जायचे नाही, बाजारभाव चढा असेल तर तो द्यायचा आणि त्याखेरीज एक जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संघटनेकडे जमा करायची, असा त्यामागचा व्यवहार आहे. त्या रकमेतून विहीर खोदायची, गोदाम बांधायचे की शाळेची खोली उभारायची, हे सभासद बैठकीत ठरवतात. बालमजुरीला आणि काही घातक कीटकनाशकांना त्यात मनाई असते. विदर्भातले काही कापूस उत्पादकही चेतना ऑरगॅनिकसारख्या संस्थांमार्फत या व्यवस्थेत आले आहेत.

हे सारे वाचून मी समाधानाने पिशवी वापरू लागलो होतो. पण डिसेंबरमध्ये सावनेरजवळ मावसभावाच्या वावरात एक दिवस काढला आणि ते समाधान उरले नाही. वेचणीला आठ बाया होत्या. कमरेला ओटी बांधून त्या पऱ्हाटीच्या तासातून वाकून चालत, दोन्ही हातांनी बोंडे मोकळी करत. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली होती. संध्याकाळी धुऱ्यावर ताणकाटा टांगला गेला. एका बाईचा कापूस एकतीस किलो भरला. दर किलोला दहा रुपये होता, पण सकाळचा माल दवाने ओला आहे असे सांगून माझ्या भावाने एक किलो कापला. ती बाई शांतपणे म्हणाली, “भाऊ, दव काय मी घरून आणलं होतं का?” भाऊ हसला, मीही हसलो, आणि तिच्या हातावर तीनशेच रुपये पडले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझा भाऊ वाईट माणूस नाही. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, म्हणजे किलोला 81 रुपये आहे. त्यातले दहा वेचणीलाच जातात, आणि बियाणे, खत, निंदण, फवारणी यांचा खर्च वेगळाच. फवारणीचा विषय निघाला की आमच्याकडे आवाज आपोआप खाली येतो, कारण 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत विसाहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. फवारणी करणाऱ्या गड्याची रोजी निदान ठरलेली असते. वेचणाऱ्या बाईला मात्र रोजी नाही, वजन आहे. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 मध्येच आला, पण वेचणीला पुरुष येतच नाहीत, मग तुलना कोणाशी करायची?

फेअरट्रेडची पिशवी इथेच अपुरी पडते. कापसापुरते ते चिन्ह प्रामुख्याने छोट्या शेतकऱ्यासाठी आहे. मजुरांसाठीचे स्वतंत्र निकष चहा, केळी, फुले अशा मळ्यांना लागू होतात. शेतकऱ्याला बरा भाव मिळाला की तो आपसूक त्याच्याकडच्या मजुरापर्यंत झिरपतो, हे गृहीत धरता येत नाही. इथिओपिया आणि युगांडातल्या मजुरांचा अभ्यास करून लंडनच्या सोआस संस्थेच्या संशोधकांनी 2014 मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते.

यंदा 7 ऑक्टोबरला, जागतिक कापूस दिनी, आम्ही चार-पाच जणांनी वस्तीतल्या वाचनालयात एक छोटा कार्यक्रम केला. (जागतिक फेअर ट्रेड दिन मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असतो. त्या उन्हात नागपूरकराला घराबाहेर काढणे कोणत्याही चळवळीला जमणार नाही.) भाषण ठेवले नाही. टेबलावर एक किलो कापूस, शेजारी एक सदरा आणि दहा रुपयांची नोट एवढेच मांडले. किलोभर कापसातून सरकी काढली की साधारण तिसरा हिस्सा रुई उरते, आणि एका सदऱ्याला तेवढी पुरते. म्हणजे हजार-बाराशेच्या सदऱ्यात वेचणीची मजुरी दहा रुपये. ती दुप्पट केली तरी सदरा एका चहाने महागेल.

पहिला प्रश्न अपेक्षितच आला: “मग असा कपडा मिळतो कुठे?” नागपुरात सहज मिळत नाही, हे कबूल करावे लागले. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र खादीची आठवण काढली. 1935 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती कार्यकर्त्यांना होती, तरीही गांधीजी मागे हटले नाहीत. वर्धा इथून दीड-दोन तासांवर आहे आणि आम्ही हा विचार जर्मनीच्या पिशवीतून शिकत होतो!

कार्यक्रमाला मावसभाऊही आला होता, मागे उभा होता. जाताना त्याने सांगितले की या हंगामात तो किलोला बारा रुपये देणार आहे आणि दवाचे वजन कापणार नाही. शेजारचे वावरवाले मजुरीचा भाव बिघडवला म्हणून आत्ताच त्याच्यावर चिडले आहेत. ते दोन रुपये तो खिशातून भरणार आहे, आणि त्याच्या कापसाच्या गठाणीवर कोणतेही चिन्ह लागणार नाही.