मागच्या डाव्या चाकाचा आतला पॅड

स्ट्राँग हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला गाडी ओढू शकेल एवढी मोठी मोटर असलेली गाडी) घेताना सगळेच सांगतात की ब्रेक पॅड लाखभर किलोमीटर आरामात जातात, आणि ते काही खोटं नाहीये. ब्रेकवर पाय ठेवला की आधी मोटरच जनरेटर होते, गाडीचा वेग ओढून घेते आणि ती वीज बॅटरीत भरते. पॅड डिस्कला खरे घासतात ते एकतर जोरात ब्रेक दाबला तर, नाहीतर गाडी थांबायला आली की अगदी शेवटी शेवटी. त्यामुळे चौतीस हजार किलोमीटरवर सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला की मागचे पॅड संपलेत, तेव्हा मला काही पटेना. "सर तुमचं घाटातलं ड्रायव्हिंग आहे ना, ब्रेक जास्त लागत असणार." आणि एस्टिमेट हातात ठेवलं, मागचे चारही पॅड, दोन्ही डिस्क, लेबर वेगळं.

घाटातलं ड्रायव्हिंग आहे हे खरं. रत्नागिरीत राहतो, कोल्हापूरला जाणंयेणं चालू असतं म्हणजे आंबा घाट आलाच. पण घाटाने पॅड खाल्ले असते तर आधी पुढचे खाल्ले असते ना? ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, जास्त काम पुढच्या चाकांना. आणि डावं-उजवं साधारण सारखं झिजलं असतं. म्हणून मी त्याला म्हटलं मला आकडे द्या, चार चाकं, प्रत्येकाचा आतला पॅड आणि बाहेरचा पॅड, म्हणजे आठ आकडे. त्याच्याकडे एकच होता. "रिअर २ एमएम." कुठला रिअर, आतला का बाहेरचा, काही नाही. पैसे न देता गाडी घेऊन घरी आलो.

तुमच्या गाडीचे पॅड लवकर गेले असं कोणी म्हटलं तर आधी हे आठ आकडे मागा, बाकी सगळं नंतर. नवीन पॅडचा मसाला, मागची लोखंडी पट्टी सोडून, साधारण १० मिमी असतो, गाडीनुसार थोडा इकडेतिकडे, आणि ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. पण जाडी किती उरली यापेक्षा झीज कशी झालीये ते बघायचं. एका बाजूची दोन्ही पॅड सारखी संपली आणि दुसऱ्या बाजूची शाबूत, तर तो कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) सुटत नाहीये, त्यातला पिस्टन अडकलाय किंवा ब्रेकचा रबरी होज आतून फुगून प्रेशर धरून ठेवतोय. मागची दोन्ही चाकं सारखी झिजली तर पार्किंग ब्रेककडे बघा. एकाच कॅलिपरमध्ये आतला संपला आणि बाहेरचा जवळपास नवा, तर पिस्टन तरी नाहीतर स्लाइड पिन तरी (कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना).

घरी आल्यावर पहिल्यांदा बघितले ते रिम. हायब्रिडचे अलॉय स्वच्छ राहतात, ब्रेकची काळी धूळ फार पडतच नाही. माझी तीन चाकं पुसल्यासारखी आणि मागचं डावं काळंकुट्ट. मग इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला, बाजारात सहज मिळतो. सपाट रस्त्यावर सावकाश, ब्रेक जपून वापरत चालवली आणि थांबल्या थांबल्या चारही डिस्कवर धरला. तीन चाकं पन्नाशीच्या आत आणि डावं मागचं सव्वाशे अंश! (थर्मामीटर नसेल तर हात जवळ नेऊनही कळतं, पण डिस्कला बोट लावू नका.) पूर्वीच्या पेट्रोल गाडीत ही टेस्ट एवढी बोलकी नसायची, कारण तिथे चारही डिस्क तापलेल्याच असतात. अॅव्हरेज पण काही महिन्यांपासून चोविसाचं एकविसावर आलं होतं, ते मी पावसाळा आणि एसीच्या माथी मारत होतो.

मग गाडी अण्णांकडे. अण्णांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, हायब्रिडचं नाव काढलं की आधी म्हणायचे "नको रे बाबा, करंट लागंल." त्यांना समजावलं की हाय व्होल्टेजच्या केशरी केबलला हात लावायचाच नाहीये, ब्रेकचं काम आहे. तरी दोन गोष्टी मात्र हायब्रिडमध्ये खरंच सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर त्याची मोटर बहुतेक वेळा मागच्या कॅलिपरवरच बसवलेली असते, ती आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मागे घ्यायची, तशीच पिस्टन दाबायला गेलात तर आतली यंत्रणा मोडते. दुसरं, काही हायब्रिडमध्ये ब्रेकचं प्रेशर पंप तयार करतो आणि नुसता ड्रायव्हरचा दरवाजा उघडला तरी तो पंप जागा होतो, म्हणजे कॅलिपर खोललेला असताना कोणी सहज दरवाजा उघडला की पिस्टन बाहेर. म्हणून मॅन्युअल वाचून, सिस्टिम बंद करून, किल्ली गाडीपासून लांब ठेवायची. आमच्याकडे अण्णांचा पोऱ्या गाण्यासाठी स्टिरिओ लावायला निघाला होता, त्याला वेळीच अडवला.

चाक जॅकवर घेतलं आणि हाताने फिरवलं, अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. उजवं मस्त गरगर फिरत होतं. (मोटर पुढच्या चाकांना असली तर हे फक्त मागच्या चाकांवर करून बघा, पुढची गिअरबॉक्सला जोडलेली असतात, ती जडच फिरतात.) कॅलिपर काढला. आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ८. आणि अण्णांनी आतला पॅड हातात घेऊन माझ्या डोळ्यासमोर आडवा धरला, "बघा, पाचर झालीय." खरंच, वरच्या टोकाला बराच जाड, खालच्या टोकाला लोखंडाला टेकत आलेला. सर्व्हिस सेंटरचे २ एमएम म्हणजे मधे कुठेतरी मोजलेले असणार.

ती पाचर बघितल्यावर निम्मं उत्तर मिळालंच. आपल्या गाड्यांमध्ये बहुतेक तरंगता कॅलिपर असतो, पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला आत ओढतो. पिना जाम झाल्या की सरकणं बंद, सगळं काम आतल्या पॅडवर, आणि ब्रेक सोडल्यावरही तो पुरता मोकळा होत नाही, घासतच राहतो. दोन्हीपैकी एकच पिन जाम असेल तर कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड पाचरीसारखा झिजतो. पिस्टन अडकला असता तर अशी पाचर सहसा होत नाही. तरी पिस्टन दाबून बघितला, सरळ आत गेला. पार्किंग ब्रेकची मोटर पण नीट मागेपुढे होत होती. वरची पिन बोटाने सरकली. खालची पाना लावून, ऑइल मारून, हातोडीने ठोकून अखेर निघाली, आणि तिच्यावर ग्रीस म्हणायला काही उरलंच नव्हतं, तपकिरी लगदा फक्त. तिचं रबरी बूट खाचेतून निसटलेलं होतं.

आता ते बूट कधी निसटलं, कोणी निसटवलं, देव जाणे. पण एवढ्या लवकर पिन का धरली याचं कारण मला हायब्रिडमध्येच दिसतं. साध्या गाडीत दिवसातून शंभरदा कॅलिपर सरकतो, तापतो, पाणी उडून जातं. आमच्या गाडीत तो बिचारा रिकामटेकडा! त्यात रत्नागिरीची खारी हवा, चार महिने पाऊस, आणि डावी बाजू कायम रस्त्याच्या कडेच्या चिखलपाण्यातून जाणारी. पॅड ज्या ब्रॅकेटमध्ये बसतात तिथे स्टीलच्या क्लिपा असतात, त्यांच्या खालीसुद्धा गंज फुगून आला होता आणि पॅडचे कान आवळून धरत होता. अण्णांनी ते सगळं कानशीने साफ केलं, हे काम कोणी करत नाही, नुसते नवे पॅड ठोकून बसवतात आणि मग ते पण वर्षात जातात.

पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं, साधं पिवळं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन परत धरते. अण्णांशी यावर थोडी वादावादी झाली पण ऐकलं त्यांनी. दोन पिना, नवे बूट आणि मागचे चारही पॅड (पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे), एवढ्यावर भागलं.

घाटाचा दोष अगदीच नाही असं मात्र नाही. हिशोबच करून बघा ना, माणसं-सामान धरून १५०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरली तर जवळपास अडीच किलोवॉट-अवर ऊर्जा सुटते. थोडी वाऱ्यात, टायरमध्ये जाते, तरी आपल्याकडच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी पुष्कळदा एक किलोवॉट-अवरच्या आसपासचीच असते, आणि तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधीच ठेवत नाहीत. म्हणजे अर्धा घाट उतरेपर्यंत बॅटरी भरली, आणि मग मोटरला वीज ठेवायला जागा नाही, सगळा भार पॅडवर. म्हणून पुष्कळ हायब्रिडमध्ये गिअरच्या दांड्यावर B मोड दिलेला असतो, त्यात इंजिन गाडीला रोखून धरतं. तो उतार सुरू होतानाच लावायचा. आणि घाटात न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग हायब्रिड घेऊनही आहेत, त्यांना काय सांगणार, न्यूट्रलमध्ये तर मोटर वीज बनवतच नाही.

आणि ज्यांच्या गाडीवर हायब्रिड लिहिलंय पण ती माइल्ड आहे, त्यांनी लाख किलोमीटरची आशा धरू नये. तिथली छोटी मोटर ब्रेकिंगचा अगदी थोडा भाग उचलते, पॅड जवळजवळ साध्या गाडीसारखेच जातात, आणि त्यात काही बिघाड नसतो.

आता मी आठवड्यातून एकदा मोकळा रस्ता बघून, मागे कोणी नाही ना बघून, साठवरून जरा ठासून ब्रेक मारतो. एवढ्या जोरात मोटर एकटी पुरत नाही, पॅडना कामाला लागावंच लागतं, डिस्कवरचा गंज घासून निघतो, कॅलिपरही हलतो. पावसाळा संपला की पिना खोलून ग्रीस करायच्या, पॅड कितीही जाड दिसत असले तरी. आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, ते हवेतलं पाणी शोषतं आणि पिस्टन आतून गंजतो, किलोमीटर कमी झाले म्हणून पुढे ढकलू नका.

राहिली डिस्क. बदला म्हणून एस्टिमेटमध्ये दोन्ही लावल्या होत्या. डिस्कची कमीत कमी किती जाडी चालते तो आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. अण्णांनी मायक्रोमीटर लावला, डावी थोडी कमी भरली पण मर्यादेच्या बरीच वर, काठावरचा गंजाचा ओठ तेवढा घासून काढला. त्याच डिस्क अजून चालू आहेत.