सँ-तेगोनेक ते गिमिलियो: ‘सोपी वाट’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

“सोपी वाट आहे, दोन तासांत पोचाल,” असं आमच्या मुक्कामाच्या मालकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. पावसाळी आठवड्यानंतर ते स्वतः त्या वाटेनं कधी गेले असतील, असं मला वाटत नाही.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, मोर्ले शहराच्या नैर्ऋत्येला सँ-तेगोनेक आणि गिमिलियो ही दोन गावं आहेत. डांबरी रस्ता सोडून पँझे नदीच्या खोऱ्यात उतरलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच मातीचे बांध, वर झाडांचं छत आणि मधे ऊन न पोचणारी खोल गाडवाट. गुरं जाऊन जाऊन तिचा पार लगदा झालेला. बायकोचा बूट जागीच रुतला आणि पाय नुसत्या मोज्यात वर आला. बांधावरून जावं तर गॉर्सची झुडपं: फुलं पिवळीधमक, काटे मात्र पँट भेदून थेट मांडीत. पायवाट दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या खुणा अधूनमधून दिसतात. त्याच रंगांची फुली दिसली की ती वाट आपली नाही. आधीचे दोन दिवस पाऊस झाला असेल तर सरळ डांबरी रस्ता धरा. कंटाळवाणा आहे, पण बूट पायात राहतात. आणि रात्री गोचिडी तपासा, हे टाळू नका.

गिमिलियोला पोचल्यावर मात्र शिव्या थांबल्या. चर्चच्या आवारातली ग्रॅनाइटची कॅल्व्हरी (येशूच्या क्रुसाभोवती मूर्ती कोरलेलं स्मारक) १५८१ ते १५८८ मधली, तिच्यावर दोनशेच्या आसपास मूर्ती. येशूच्या कथेतली बरीच माणसं चक्क सोळाव्या शतकातल्या पोशाखात आहेत. नाचाच्या नादात सैतानाच्या तावडीत सापडलेली दंतकथेतली कातेल कोलेत या मूर्तींत शोधाच. भुतं तिला नरकाच्या जबड्यात ओढताहेत. एवढ्याशा खेड्यात हा थाट लिननच्या व्यापारातून आला. शेजारच्या गावापेक्षा आपलं आवार भारी हवं, ही ईर्ष्याही होतीच. सँ-तेगोनेकची कॅल्व्हरी १६१० ची, तीही चुकवू नका. जवळच्या लांपोल-गिमिलियो गावातल्या चर्चचा मनोरा १८०९ मध्ये वीज पडून बोडका झाला, तो तसाच आहे. मधेच डोक्यावरून लढाऊ विमान गडगडत गेलं तर दचकू नका, लांदिविझियोचा नौदलाचा तळ जवळच आहे. शांत खेडं वगैरे ऐकून जाणाऱ्यांसाठी सांगतोय.

आता पैशाचं. चिखलानं हैराण होऊन परतीला टॅक्सी बोलावली, तीही रविवारी. मीटर बघून डोळे पांढरे झाले. पण फ्रान्समध्ये रात्री आणि रविवारी दर जास्त असतो, त्यात टॅक्सी रिकामी परतणार असेल तर तो आणखी चढतो. म्हणजे लूट नियमानुसारच! बसण्याआधी अंदाज विचारा. २५ युरो किंवा त्याहून जास्त भाडं झालं तर पावती देणं त्यांना बंधनकारक आहे, ती घ्याच.

जेवण दुपारी बारा ते दोनमध्येच उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर ‘कोंप्लेत’ गालेत (घावनासारखा पदार्थ) मागवू नका, तिच्यात हॅम असतं. चीज-मशरूमची सांगा. कुट्टूच्या पिठाची ती गालेत खरंच झकास लागते. रविवारसाठी पाव आणि फळं शनिवारीच घेऊन ठेवा.