फाट्यावरचं गाव, पण चहाची टपरी नाही

इंग्लंडात लेस्टरहून केंब्रिजला जाताना दरवेळी एम-१ या मोटरवेवरून ए-१४ या हमरस्त्याला वळतो आणि ‘कॅटथॉर्प’ ही पाटी मागे पडते. आज मुद्दाम अलीकडच्या लटरवर्थलाच मोटरवे सोडला. म्हटलं, हे कॅटथॉर्प आहे तरी कसं ते बघू.

मोजकी घरं, एक जुनं चर्च, संपलं गाव! ‘थॉर्प’ म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत वाडी. नाव अगदी शोभतं. आणि या वाडीच्या उशाशी एम-१, एम-६ आणि ए-१४ एकमेकांना भेटतात. फेलिक्सस्टो बंदरातले कंटेनर इथूनच बर्मिंगहॅमकडे जातात. पूर्वी एम-६ वरून ए-१४ ला जायचं तर मधल्या गोल चौकातून रांगेत सरकावं लागे. २०१४ ला नव्या पुलांचं काम निघालं, २०१६ च्या शेवटी सगळं सुरू झालं.

चर्चच्या आवारात शेवाळलेल्या थडग्यांपाशी थर्मासमधला चहा प्यायलो. (आपल्याकडे असता हा फाटा, तर वडापावच्या दहा गाड्या!) कबुतरं घुमत होती आणि त्यामागे गाड्यांची एकसारखी गूंऽऽ, समुद्रासारखी. पाच मिनिटांनी ती गूंऽऽ ऐकू येईनाशी झाली, तेव्हा जरा दचकलोच. जॉन डायर नावाचा कवी १७४१ पासून दहाएक वर्षं इथे धर्मगुरू होता. त्याला फक्त कबुतरं ऐकू आली असणार.

बायको म्हणाली, “झालं का बघून? चला आता, उशीर होतोय.”

निघालो. परत मोटरवे शोधताना दोनदा चुकलो, तेही एवढ्या मोठ्या जंक्शनच्या शेजारी उभं राहून.