कंट्रोल आणि म

इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर, हात बसावा म्हणून मी एक आगाऊपणा केला. एक्सएफसीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी लेआउट (कळांची मांडणी) काढूनच टाकला. एबीसी उमटलीच नाही तर बोटं झक मारत मराठीकडे वळतील, असा हिशेब.

बोटं वळली, पण कॉपी करायचं कंट्रोल-सी मेलं. पासवर्ड टाकता येईना ही पुढची गंमत. तो घातला होता इंग्रजीत, आणि चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आत देवनागरी चाललीय हे कळायलाच चार खेपा गेल्या. शेवटी निमूट माउसने इंग्रजी परत आणलं, मराठीच्या खाली, यादीत दुसरं.

मग कुतूहल म्हणून टर्मिनलमध्ये एक्सेव्ह हे दाबलेल्या कळेची माहिती दाखवणारं साधन चालवलं आणि दोन्ही लेआउटमध्ये सीची कळ दाबून पाहिली. कीकोड, म्हणजे कळेचा क्रमांक, दोन्हीकडे ५४च. कीसिम, म्हणजे कळेला दिलेलं अक्षर, मात्र इंग्रजीत सी आणि मराठीत यू०९२ई, म्हणजे आपला म. तेव्हा डोक्यात उजेड पडला: मी कंट्रोल-म दाबत होते, आणि कंट्रोल-म चा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. कळ तीच, पण प्रोग्राम कळ बघत नाही, अक्षर बघतो.

इंग्रजी यादीत परत आल्यावर मराठी चालू असतानाही बहुतेक ठिकाणी कॉपी-पेस्ट सुरू झालं. बरेच प्रोग्राम ज्यांवर बांधलेले असतात ते जीटीके आणि क्यूटी हे दोघे शहाणे. चालू लेआउटमध्ये लॅटिन अक्षर सापडलं नाही तर यादीतल्या दुसऱ्या लेआउटमध्ये शोधतात. माझा एक जुना प्रोग्राम तेवढा शहाणा नव्हता. त्याच्यासाठी रोज लेआउट पालटत बसणं मला जमेना.

म्हणून एक्सकेबीमधून, म्हणजे लेआउटच्या त्याच यादीतून, मराठी काढली आणि आयबस या टायपिंगच्या साधनात एम१७एन संचातलं मराठी इनस्क्रिप्ट२ घेतलं. इथे खालचा लेआउट इंग्रजीच राहतो, आयबस वरच्यावर अक्षरं देवनागरीत बदलतो आणि कंट्रोलसकट आलेली कळ जशीच्या तशी पुढे सोडतो. जुना प्रोग्रामही मुकाट चालू लागला. हे आधी केलं असतं तर एक रविवार वाचला असता.

राहिला विम, मी लिहायला वापरते तो मजकूर-संपादक. तिथे कंट्रोलचा प्रश्नच नाही, साधी अक्षरंच आज्ञा असतात. एस्केप दाबून ओळ उडवायला दोनदा डी दाबावं, तर इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर पाय मोडायची खूण. ओळ जागच्या जागी, आणि विमला मात्र दोन मोडके पाय पोचलेले! यावर उपाय म्हणून विमच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली: इन्सर्ट मोडमधून (लिहायच्या अवस्थेतून) बाहेर पडताच आयबसला इंग्रजी इंजिन लावायला सांगायचं. एस्केपला आता इंग्रजी आपोआप येतं. परत लिहायला आत शिरताना मराठी मात्र सुपर-स्पेसने हातानेच आणते, आणि दहातून दोनदा विसरते.